करंडकवीर

कॉलेजांच्या गॅदरिंगचा हंगाम सुरू झाला की करंडकवीर घराबाहेर पडतो. खादीचा झब्बा, वर बिनबाह्यांचं जाकीट, पाठीला सॅक आणि सॅकमध्ये प्रमाणपत्रांची फाइल, असा तो एसटीने गावोगावच्या वक्तृत्व स्पर्धा करत फिरतो. कुठल्या कॉलेजात जेवण चांगलं मिळतं, कुठे प्रवासखर्च देतात, कुठले परीक्षक कवितेला भुलतात आणि कुठल्यांना इतिहास लागतो, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याच्या घरी शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या केव्हाच हलवल्या गेलेल्या असतात आणि तिथे स्मृतिचिन्हं दाटीवाटीने उभी असतात. याच करंडकवीराने तिसऱ्या वर्षाला दिलेला प्रकल्प अहवाल मात्र बायंडिंगवाल्याखेरीज कोणी उघडलेला नसतो. दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या आहेत, आणि त्यांचं मूळही एकच आहे. या मुलाला त्याच्या संपूर्ण शिक्षणात कोणी प्रश्नच विचारलेला नाही.

आधी त्याचं भाषण नीट पाहू. तो माइकसमोर येतो, माइकची उंची उगाचच खालीवर करतो आणि गप्प राहतो. ही शांतता मोजलेली असते. मग एक शेर, मग अचानक आरोळी, आणि आरोळीच्या पाठोपाठ कुजबुज. ‘आभाळ’ म्हटलं की उजवा हात पंख्याकडे जातो, ‘माती’ म्हटलं की दोन्ही हात बुटांकडे. विषय हवामान बदलाचा असो, कृत्रिम बुद्धिमत्तेचा असो की बदलत्या कुटुंबव्यवस्थेचा, चौथ्या मिनिटाला त्यात आई येते आणि तिच्या पाठोपाठ भाकरी. पाचव्या मिनिटाला आवाज दाटतो. इशाऱ्याची घंटा झाली की ‘मित्रांनो’ हा शब्द वाढत्या वेगाने येऊ लागतो, आणि शेवटच्या घंटेला तो नेमका ‘धन्यवाद’वर पोहोचतो. एवढं वेळेचं भान आपल्या रेल्वेलाही नाही. पहिलं आणि शेवटचं मिनिट कायमचं ठरलेलं, विषय फक्त मधे बसवायचा. उत्स्फूर्त स्पर्धेतही चिठ्ठी उघडल्यावर तो डोळे मिटून विचार करताना दिसतो, तेव्हा तो प्रत्यक्षात एवढंच शोधत असतो की या विषयातून आईपर्यंत जवळचा रस्ता कुठला.

आता अहवाल. ‘ग्रामीण युवकांमधील बेरोजगारी: एक चिकित्सक अभ्यास’. चिकित्सा शीर्षकातच उरकलेली. आत प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, आणि ऋणनिर्देशात प्राचार्यांपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे. मग ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ने उघडणारी प्रस्तावना. मग पन्नास प्रतिसादकांची प्रश्नावली, म्हणजे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री टाकलेला गुगल फॉर्म, आणि त्यातून निघालेले रंगीत पाय चार्ट. निष्कर्षात लिहिलेलं असतं, ‘ग्रामीण भागात बेरोजगारी मोठ्या प्रमाणात आहे.’ हे वाक्य जरा थांबून पाहण्यासारखं आहे. कुठल्या तालुक्यात? कुठल्या वयाच्या मुलांत? शेतात राबणारा मुलगा यात बेरोजगार धरला की नाही? मोठं म्हणजे किती, आणि मोजलं कोणी? यातला एक प्रश्न जरी कोणी वेळेवर विचारला असता तरी ते वाक्य अहवालात टिकलं नसतं. त्याच्या जागी ‘आमच्या गावात बारावी झालेल्या वीस मुलांपैकी किती जण वर्षभर एकाच कामावर टिकले’ असा काही तपास आला असता, आणि तो पाय चार्टवाचूनही वाचला गेला असता. तोंडी परीक्षेत त्याला विचारतात ते एवढंच: ‘हा विषय का निवडला?’ त्यावर तो एक शेर म्हणतो आणि सुटतो.

साहित्यचोरीची भीती त्याला असते, पण तीही चुकीच्या जागी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्रबंधातलं १० टक्क्यांपर्यंतचं साम्य क्षम्य धरलेलं आहे, आणि सर्वसाधारण शब्दयोजना असेल तर सलग १४ शब्दांपर्यंत हरकत घेतली जात नाही. नियम प्रबंधांसाठी आहे, पण करंडकवीर तो विषय निवडण्याच्या आधी पाठ करतो आणि मग दुसऱ्याच्या मजकुरात ‘शेतकरी’चा ‘बळीराजा’, ‘पाणी’चं ‘जल’ आणि ‘वाढ’ची ‘वृद्धी’ करत बसतो. टक्का खाली येतो, विचार जिथल्या तिथे राहतो. साम्य मोजणारं यंत्र आहे. मजकुरात काही म्हटलं आहे का हे मोजायला माणूसच लागतो आणि तो उपलब्ध नसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: स्पर्धांमुळे खेड्यापाड्यातल्या पोरांची भीड चेपते, ज्यांच्या तोंडून वर्गात शब्द फुटत नव्हता ती मुलं शेकडो लोकांसमोर उभी राहतात. हे खरं आहे, आणि लहान नाही. पण भीड चेपायला दोन-चार स्पर्धा पुरतात. त्यानंतरच्या सगळ्या स्पर्धा भीड चेपण्याच्या नसतात, तेच भाषण पुन्हा म्हणण्याच्या असतात. उलट भीती नवी उगवते. वादविवाद स्पर्धेत पाहा. तिथे प्रतिवाद करावा लागतो, म्हणून करंडकवीर खंडनही घरूनच पाठ करून आणतो, आणि समोरच्याने जे म्हटलंच नाही त्याचा कडकडून समाचार घेतो. हजार माणसांना न घाबरणारा हा गडी एका प्रश्नाला घाबरतो.

दुसरा आक्षेप परंपरेचा. पाठांतर, आवेश, व्यासपीठ हे तर आपल्या मातीतलं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते, तिला नावं ठेवणार का? मुळीच नाही. पण त्या परंपरेतून तयार झालेली माणसं बोलत कशी होती, तेही पाहावं. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं पाठांतर दांडगं होतं. फरक असा की त्यांच्या पाठांतरात आकडे होते. १८९७ साली ते लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्षीला गेले, तेव्हा समोर टाळ्या वाजवणारे श्रोते नव्हते. हिंदुस्थानच्या खर्चावर उलटतपासणी घेणारे लोक होते. त्या तयारीसाठी गोखल्यांनी मदत घेतली ती गणेश व्यंकटेश जोशींची. पेशाने मुख्याध्यापक असलेला हा माणूस सरकारी आकड्यांत मुरलेला होता. पुढे १९०२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात गोखले अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. सरकार शिलकीची फुशारकी मारत होतं आणि गोखल्यांनी दाखवलं की ही शिल्लक सुबत्तेची नाही, लोकांवर गरजेपेक्षा जास्त बसवलेल्या कराची आहे. त्या भाषणात आई नव्हती, भाकरी मात्र होती. तिच्यावरच्या मिठाच्या कराच्या रूपाने.

काही प्राध्यापक म्हणतात, बोलणं वेगळं आणि शास्त्रीय लेखन वेगळं, एकाची गल्लत दुसऱ्यात करू नका. याला उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतच आहे. भारतातील जातींची यंत्रणा आणि उगम यांवरचा त्यांचा निबंध ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला आणि पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. वय पंचवीस. आधीच्या अभ्यासकांनी जातीची जी लक्षणं सांगितली ती एकेक घेऊन ते तपासतात, काय पटतं आणि काय पटत नाही ते सांगतात, मग स्वतःचं म्हणणं मांडतात. निबंध समोर बसलेल्यांना ऐकवायचा होता आणि ऐकणाऱ्यांना उलट विचारण्याचा हक्क होता. असं लेखन ‘सदर संशोधनातून असे निष्पन्न होते’ म्हणून निसटू शकत नाही. जो मजकूर तोंडाने सांगून समोरच्याला पटवता येतो तोच कागदावर उभा राहतो. करंडकवीराने आपल्या अहवालातलं एकच पान मित्राला वाचून दाखवलं तर दुसऱ्या परिच्छेदाला त्याचं त्यालाच हसू येईल.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, निम्म्या जागा तासिका तत्त्वावर, त्या प्राध्यापकाने कुणाकुणाचे मसुदे वाचायचे? ही तक्रार रास्त आहे आणि तिचं उत्तर शेवटी शासनानेच द्यायचं आहे. पण तोवर ऐंशी पानांचा न वाचला जाणारा अहवाल मागण्याऐवजी आठ पानांचा, दोनदा लिहिलेला अहवाल मागायला कुठल्या पदाची मान्यता लागत नाही. पहिला मसुदा शेजारच्या बाकावरच्या मुलाने वाचावा, समासात पाच प्रश्न लिहावेत, आणि मूळ लेखकाने त्यांची उत्तरं देऊन पुन्हा लिहावं. प्राध्यापकाने प्रश्न आणि उत्तरं तेवढी पाहावीत. यात वेळ वाचतो. फक्त बायंडिंगवाल्याचा धंदा थोडा बसतो.

करंडकवीरावर सगळा राग काढणं मात्र अन्यायाचं आहे. तो हुशार आहे. गुणपत्रकात आवाज, हावभाव, पाठांतर, सभाधीटपणा यांना मार्क आहेत हे त्याने ओळखलं आणि तेवढंच पिकवलं. पुराव्याला मार्क असते तर त्याने जनगणनेचे खंड पाठ केले असते. तेव्हा आयोजक कॉलेजांना विनंती एवढीच आहे: येत्या हंगामाच्या पत्रकात सात मिनिटांच्या भाषणाऐवजी ‘भाषण पाच मिनिटे, परीक्षकांचे प्रश्न दोन मिनिटे’ अशी ओळ छापा, आणि निम्मे मार्क त्या दोन मिनिटांना ठेवा. प्रवेश फी तीच राहू द्या, करंडकही तोच चालेल.