अहो, उतरा आता

आमच्या घरात रिमोट दोन. एक टीव्हीचा, त्याच्यावर माझा हक्क नाही. दुसरा माझ्या विमानांचा. त्याला आम्ही छंदवाले 'रेडिओ' म्हणतो, घरचे 'तुमचं ते' म्हणतात. दोन दांड्या, वर ओळीने खटके, पोटात छोटासा पडदा. गळ्यात पट्टा अडकवून मैदानात उभा राहिलो की मी वरातीतल्या कॅशिओवाल्यासारखा दिसतो, असं मुलीचं मत आहे.

माझा पहिला रेडिओ चिनी, स्वस्तातला, नाइन-एक्स. गरिबाघरचा, पण गुणी. त्याच्या आत अ‍ॅटमेगा६४ ही चिप होती आणि तिच्यात प्रोग्रामसाठी जागा ६४ किलोबाइट. सकाळी मोबाइलवर येणारं 'सुप्रभात'चं फूलसुद्धा एवढ्यात मावत नाही. एका जर्मन गृहस्थाने या चिपमधला कंपनीचा प्रोग्राम काढून स्वतः लिहिलेला भरला आणि जगाला फुकट दिला. तो टीएच९एक्स. मग ते विरजण घरोघर फिरलं. त्यावरून ईआर९एक्स लागलं, मग ओपन९एक्स, त्याचंच पुढे ओपनटीएक्स झालं, आणि २०२१ मध्ये काही मंडळींनी त्यातलं चमचाभर घेऊन एजटीएक्स लावलं. अट एकच: दही वाटलंत तर कृतीही सांगायची. आमच्या आत्याने पुरणपोळीच्या बाबतीत ही अट कधीच पाळली नाही.

त्या जुन्या रेडिओत नवं डोकं घालायचं तर तो उघडून सर्किटवर सहा तारा सोल्डर कराव्या लागत. मी केल्या. सहा डाग सर्किटवर पडले, सातवा डायनिंग टेबलवर. पहिले सहा माझ्याशिवाय कुणी पाहिले नाहीत. सातवा पाहुण्यांना अजून दाखवला जातो.

आता रेडिओ नवा आहे, यूएसबीची वायर लावली की काम होतं. उघडण्याची गरज नाही, त्यामुळे बिघडवायला वेगळे मार्ग शोधावे लागतात. मला ते सापडले. रेडिओतल्या ह्या प्रोग्राममध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये, कुठलीही दांडी कुठल्याही चॅनेलला, म्हणजे विमानाच्या कुठल्याही हलत्या भागाला, हव्या त्या प्रमाणात जोडता येते. एका चॅनेलवर एकाखाली एक ओळी लिहायच्या, आणि वरच्या ओळीशी खालचीने कसं वागायचं तेही आपणच ठरवायचं: मिळवायचं, गुणायचं की तिला हटवून आपण बसायचं. माझं विमान शेपटीशिवायचं, नुसता पंख. त्याच्या मागच्या कडेला हलणाऱ्या दोन पट्ट्यांनाच वर-खाली आणि डावं-उजवं अशी दोन्ही कामं. म्हणून प्रत्येक पट्टीला दोन ओळी, आणि दुसरी ओळ पहिलीत मिळवायची. मी दोन्हीकडे 'हटवा' निवडलं. नवी सून घरात आली आणि सासूबाई गावी गेल्या, तसं झालं.

उडवण्याआधी पट्ट्या तपासल्या नाहीत असं नाही. डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं, दोन्ही झकास. मागेपुढे हलवायचं राहिलं, कारण कुणीतरी चहा आणला. विमान हातातून सुटलं, सुरेख वळलं, आणि नाक हळूहळू खाली घालू लागलं. मी दांडी पोटाशी ओढली. ओढतच राहिलो. विमान पलीकडच्या ज्वारीत शिरलं. पूर्वी असं काही झालं की मी कंपनीचा उद्धार करत असे, आणि त्याने घरी येईपर्यंत बरं वाटे. ह्या वेळी पडद्यावर ती ओळ माझ्याच हातची होती. शिव्या कुणाला द्यायच्या? चहा आणणाऱ्याला देऊन पाहिल्या, पण त्यात जीव नव्हता.

पण ह्या मोकळिकीची खरी मजा आवाजात आहे. रेडिओ बोलतो. थ्रॉटलची दांडी खाली नसताना चालू केला तर आधी तिथेच हटकतो. विमानातल्या बॅटरीचा दाब त्याला वरून कळत असतो. माझी बॅटरी तीन सेलची, म्हणून मी साडेदहा व्होल्टची अट घातली: त्याच्या खाली गेलं की अमुक फाइल वाजव. आधी तिथे एक इंग्रजी बाई होती. ती इतक्या अदबीने सांगायची की ऐकावंसं वाटत नसे. फाइल आपलीही चालते, फक्त नाव आखूड लागतं. म्हणून एका संध्याकाळी हिच्यासमोर मोबाइल धरला आणि म्हटलं, "म्हण, अहो, उतरा आता." ही भाजी निवडत होती. न बघता म्हणाली.

त्या दिवसापासून माझी एकही बॅटरी फुगली नाही. मैदानात तो आवाज आला की मी तर उतरवतोच, शेजारी उडवणारे दोघेही उतरवतात.

गेल्या रविवारी ही पहिल्यांदाच बरोबर आली. सतरंजीवर बसली, डबा उघडला, आणि माझ्या गळ्यातून तिचाच आवाज आला. "मी अशी बोलते?" मी विमानाकडे बघत राहिलो. घरी आल्यावर तिने स्वतःच फोन मागून घेतला आणि तीन-चारदा म्हणून बघून गोड आवाजात नवीन फाइल करून दिली. बुधवारी तीच घालून गेलो. आवाज आला, छान वाटलं, आणखी एक फेरी मारली, मग अजून एक, आणि मोटर बंद पडून विमान पुन्हा ज्वारीत.

जुनी फाइल परत घातली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.