रोह्याची मैत्री, आबांची तूर

जंगलावरची पुस्तकं वाचायला वडीगोद्री ही काही आदर्श जागा नव्हे. अंबड तालुक्यातलं हे गाव छत्रपती संभाजीनगर-बीड महामार्गावर बसलंय. एका अंगाला अंकुशनगरच्या कारखान्याची वाट बघणारा ऊस, दुसऱ्या अंगाला मोसंबीच्या बागा, मधे कापूस आणि तूर. जंगल म्हणावं असं काही नाही. वाघ दिसलाच तर ट्रकच्या मागच्या फळीवर. तरी मारुती चितमपल्लींपासून प्रकाश आमट्यांपर्यंत सगळ्यांची पुस्तकं मी इथंच वाचली, आणि प्रत्येक पुस्तकाचं परीक्षण आमच्या आबांनी केलं. न वाचता. समीक्षेची ही पद्धत फक्त वडीगोद्रीतच आहे असं नाही.

विलास मनोहरांचं ‘नेगल’ मी त्यांना तोंडी सांगितलं. बाबा आमट्यांनी १९७३ साली गडचिरोलीतल्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढं प्रकाश आमट्यांना एकदा शिकारीहून परतणारे आदिवासी भेटले. त्यांच्याकडच्या मेलेल्या माकडिणीला जिवंत पिलू बिलगलेलं होतं. आमट्यांनी ते मागून घेतलं. मग एकेक करत अस्वलं आली, बिबटे आले, साप आले, आणि प्रकल्पाच्या दवाखान्याशेजारी पोरक्या प्राण्यांचं घर उभं राहिलं. नेगल हा तिथलाच बिबट्या.

आबांनी सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, “त्याला खायला कोण घालायचं?”

“तीच माणसं.”

“मग आमच्या रोह्याला खायला कोण घालतंय? मीच की. मग माझ्यावर का नाही कोणी पुस्तक लिहीत?”

हा प्रश्न वरवर वाटतो तेवढा सोपा नाही. पुस्तकातला माणूस प्राण्याला आपण होऊन घास देतो, आबांकडून रोही (म्हणजे नीलगाय) तो परस्पर घेतो, एवढाच फरक. रानडुकरं तर घास घेण्याआधी ताटही उलटं करतात. त्यांना थोपवायला आबांनी शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या आहेत. आजीचं लुगडं, काकूची साडी, आहेरात आलेली आणि कुणालाच न आवडलेली जांभळी. आमच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा आहेर रोह्यांनी जितक्या जवळून पाहिलाय तितका सोयऱ्यांनीही पाहिला नसेल. शिवाय बॅटरीवरचा भोंगा आहे. त्यात आबांनी स्वतःच्याच आरोळ्या भरून ठेवल्यात. पहिल्या काही रात्री जनावरं बिचकली, नंतर त्या आवाजाच्या सोबतीनं निवांत चरू लागली. घरच्या मंडळींचाही आबांच्या ओरडण्याबद्दल हाच अनुभव आहे.

आपल्याला मात्र प्राण्यांकडून घासाबद्दल कृतज्ञता हवी असते, निदान एखादी गोष्ट तरी. पैठण इथून लांब नाही. ज्ञानोबांनी रेड्याच्या मुखी वेद वदवले ती कथा ऐकत वाढलेल्या मुलखाला जनावराच्या तोंडून माणसाची भाषा ऐकायची जुनी हौस आहे. २०२१च्या डिसेंबरात गोदावरीपलीकडं, माजलगाव तालुक्यातल्या लवूळला वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती. वनखात्यानं दोन वानरं पकडली. पण तोवर बातमी जगभर पोचली होती, तीही ‘सूड’ या मथळ्यानिशी. वानरांचं म्हणणं अर्थात कुणी छापलं नाही.

या हौशीला व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये छान बगल दिली. १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या छोट्या कादंबरीत वानरांच्या टोळ्या आहेत, सत्तेची झुंज आहे, पिल्लांचे बळी आहेत. पण माणसाकडं बघून शेपटी हलवायला त्यात कुणीही येत नाही. चितमपल्लींचीही तीच रीत. सारी नोकरी वनखात्यात, २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, २०२५मध्ये पद्मश्री आणि त्याच जूनमध्ये निधन. एवढ्या आयुष्यात त्यांनी रानाची माहिती गोळा केली ती रानातल्या माणसांना विचारून. ते वडीगोद्रीला आले असते तर आबांपाशी नक्की बसले असते, असं मला वाटतं.

कारण आबांना पुष्कळ माहीत आहे. रोही लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, हे त्यांनी मला दाखवलं. डुकरं कुठल्या ओघळीनं शिरतात, पिल्लं सोबत असली की कशी वागतात, हे ते अंधारात नुसत्या आवाजावरून सांगतात. एका वर्षी तूर कापताना मधेच रोह्याचं पाडस निपचित बसलेलं सापडलं. पहिले काही दिवस आई पिलाला असं लपवून चरायला जाते. आबांनी रोह्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तेवढ्याच आवाजात मजुरांना सांगितलं, “त्या बाजूची दोन तासं राहू द्या उभी. त्याची माय येईल.” उभी राहिलेली तूर मग मायलेकरांनी मिळून फस्त केली. एवढं करून आबा स्वतःला प्राणिमित्र म्हणवत नाहीत. तो शब्द त्यांना शिवीसारखा वाटतो.

माणूस आणि रानातलं जनावर यांच्या नात्यावरची पुस्तकं मी वाचत राहीन, ती फार सुंदर आहेत. पण आता मी त्यांत एक गोष्ट आधी शोधतो: या मैत्रीचा खर्च कुणाच्या खात्यावर पडला? ‘आजोबा’ची गोष्ट घ्या. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या या बिबट्याला २००९मध्ये बाहेर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेजला सोडलं. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडं गेला. त्याचा माग ठेवणाऱ्या वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या या कामावर पुढं चित्रपटही निघाला. वाटेत आजोबानं कुणाला त्रास दिला नाही. २०११मध्ये तो महामार्गावर गाडीखाली गेला. त्या मैत्रीचा खर्च त्यानंच भरला. वडीगोद्रीत तो आबा भरतात.

म्हणून ही पुस्तकं आवडणाऱ्यांना दोन विनंत्या आहेत. जनावरांनी पीक खाल्लं म्हणून शेतकरी सातबारा घेऊन भरपाई मागायला आला, तर त्याला प्राण्यांचा वैरी समजू नका. पंचनामा वेळेत व्हावा म्हणून त्याच्या बाजूनं बोला. आणि रात्री आमच्या महामार्गावरून जाणार असाल तर वेग कमी ठेवा. रोही रस्ता ओलांडताना डावी-उजवीकडं बघत नाही. तेवढं तुम्ही बघा.