नक्कीराव

सॉफ्टवेअर कंपनी हिंजवडीतली असो नाहीतर मगरपट्ट्यातली, तिच्यात एक नक्कीराव असतोच. पाळण्यातलं नाव काहीही असेल. तुमच्या ॲपमध्ये दर दोन पावलांवर 'तुमची खात्री आहे का?' अशी चौकट उगवत असेल, तर ती याचीच करणी.

मीटिंगमध्ये हा शेवटपर्यंत गप्प असतो. लॅपटॉप मिटायला लागले की घसा खाकरतो. "पण समजा, युजरने चुकून बटण दाबलं तर?" यावर कोणाकडे उत्तर नसतं, कारण चुकून माणूस काय वाटेल ते दाबू शकतो. "मग एक पॉपअप टाकू," नक्कीराव म्हणतो. त्याच्या लेखी पॉपअप म्हणजे अंगारा. लावला की काळजी मिटली. उद्या कोणाचा डेटा उडालाच, तर "आम्ही विचारलं होतं, त्यांनीच ओके केलं" म्हणायला मोकळे. या चौकटी कोणाला वाचवतात म्हणाल, तर नक्कीरावला.

घरीही तेच. "गॅस बंद केलास?" "हो." "नक्की?" "हो." "रेग्युलेटर?" "हो!" कुलूप लावून खाली उतरल्यावर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे बायको हल्ली प्रश्न पुरा व्हायच्या आत 'हो' म्हणते. मागे एकदा त्याने विचारलं, "आईला बसवलंस ना गाडीत?" "हो." गाडी चांदणी चौकात पोचली तेव्हा मागची सीट रिकामी निघाली. आई पार्किंगच्या बाकावर शेजारणीशी गप्पा मारत बसल्या होत्या, त्यांची काही तक्रार नव्हती. नक्कीरावने यातून धडा घेतला. आता तो आईंबद्दल दोनदा विचारतो.

फुटकळ गोष्टींसाठी रोज तोच प्रश्न आला की उत्तर बोटांत मुरतं, डोक्यापर्यंत जातच नाही. मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू करणाऱ्या जेफ रास्किनने २००० सालच्या आपल्या पुस्तकात हे बजावून ठेवलंय. नक्कीरावकडे ते पुस्तक आहे. त्यावर त्याने मॉनिटर ठेवलाय. २००७ साली विंडोज व्हिस्टाने ऊठसूट परवानगी मागून लोकांना इतकं पिडलं की ॲपलने त्यावर टवाळीची जाहिरात केली आणि विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टला हे प्रश्न कमी करावे लागले. नक्कीरावला मात्र व्हिस्टा अजून आवडतं. "काळजी घ्यायचं हो ते," म्हणतो.

टीममधल्या नव्या मुलीने त्याला हवाईचा किस्सा ऐकवला. १३ जानेवारी २०१८ला तिथल्या आपत्कालीन खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने सरावालाच खरा हल्ला समजून, क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा राज्यभरच्या मोबाईलवर सोडला. सोडण्याआधी कॉम्प्युटरने खात्री विचारली होती. त्याने होकार दिला, कारण त्याची खात्री होतीच! चूक निस्तरणारा मेसेज मात्र आधीपासून तयार नव्हता. तो फोनवर पोचायला ३८ मिनिटं लागली.

"बघ," नक्कीराव म्हणाला, "दोनदा विचारायला हवं होतं."

मुलगी हुशार आहे. तिने वाद घातला नाही, जीमेल उघडून दाखवलं. मेल पाठवताना ते खात्री विचारत बसत नाही, पाठवलेला मेल 'अन्डू' करायला, म्हणजे मागे घ्यायला, काही सेकंद देतं. सेटिंग बदलली तर तीस. पैशांचं वेगळं. गेलेले पैसे सहजी परत येत नाहीत, म्हणून यूपीआय ते सोडण्याआधी घेणाऱ्याचं नाव दाखवतं, आणि ते थांबणं मला रास्त वाटतं. तिथे निदान वाचण्यासारखं काहीतरी असतं. 'तुमची खात्री आहे का?' यात वाचण्यासारखं काय आहे?

तुमच्या ऑफिसात नक्कीराव असेलच. त्याला पॉपअपवरून उठवून 'अन्डू'च्या कामाला बसवा. तो "नक्की?" म्हणून विचारेल. निदान त्या वेळी तरी प्रश्न पुरा ऐकून मग 'हो' म्हणा.