किला गेटच्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींस

मिस्त्री,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही. माझ्या वडिलांच्या 1974 सालच्या बुलेटचा गिअर लिव्हर तुम्ही शाफ्टला वेल्ड करून टाकलात, म्हणून हे पत्र.

तक्रार एवढीच होती की दुसऱ्यावरून तिसरा टाकताना गिअर मध्येच अडकतो. हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीकडे वळताना, नेमका तसाच अडकला. इंजिन नुसतं बोंबललं, गाडी ओढेना आणि मागचा टेम्पो अंगावर आला. घाबरून तुमच्याकडे आलो. तुम्ही लिव्हर हलवून पाहिला, तो स्प्लाइनवर थोडा डुगडुगत होता, आणि लगेच इलेक्ट्रोड पेटवलात. पाच मिनिटांत काम फत्ते!

डुगडुगणाऱ्या लिव्हरचा क्लॅम्प बोल्ट आवळतात. दाते झिजले असतील तर लिव्हर बदलतात, शाफ्टचे गेले असतील तर शाफ्ट. आणि गिअर मध्येच अडकतो त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. आधी क्लचची केबल बघायची: गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकत असेल, तर क्लच सुटत नाही. मग गिअरच्या पेटीतलं तेल. तेही ठीक असेल तर बाहेरचं कव्हर काढायचं. 1955 पासून मद्रासला बनत आलेल्या बुलेटची ही चार गिअरची पेटी मूळची अल्बियन कंपनीची. तिच्या कव्हरामागे रॅचेटची एक पट्टी दोन नटांनी बसवलेली असते. नट सैल करा, पट्टी केसभर सरकवा, आवळा, मागचं चाक हाताने फिरवत चारही गिअर टाकून बघा. नाही जमलं तर पुन्हा सरकवा. चिकाटीचं काम आहे, पण बाहेरून करता येणारं दुसरं समायोजन त्या पेटीत नाही.

पण ते कव्हर निघेचना, कारण लिव्हर उतरल्याशिवाय ते निघत नाही आणि लिव्हर तुम्ही कायमचा चिकटवलात. दुरुस्तीचं दारच बंद केलंत. वर टाचेने दाबायचा न्यूट्रलचा छोटा लिव्हरही काढून ठेवलात, “कामाचा नाही” म्हणून. वडील लष्करच्या गर्दीत दर सिग्नलला तोच दाबत. तो परत मागायला मी दोनदा आलो, दोन्ही वेळा तुम्ही भंगाराच्या पेटीकडे बोट दाखवलंत.

शेवटी लिव्हर कापावा लागला. शाफ्टही गेला. नवा शाफ्ट दिल्लीच्या करोलबागेतून आणला आणि पट्टी मी स्वतः तीन खेपांत बसवली. तिसरा गिअर आता नीट पडतो.

तुमच्याकडे पुढच्या महिन्यात कोणाची तरी जुनी बुलेट येईलच. इलेक्ट्रोडला हात लावण्याआधी कव्हर काढा आणि ते दोन नट बघा.

— एक ग्वाल्हेरकर