आष्टीचे कानसेन

काही माणसांना आवाजाचं वावडं असतं. मोठ्या आवाजाचं नव्हे. वरातीतला डीजे छातीत धडधडत गेला तरी ही मंडळी पंगतीत निवांत बुंदी खात बसतात. यांना छळतो तो बारीक आवाज. पंख्याची टिकटिक, कपाटाच्या बिजागरीची कुईकुई, स्कूटरच्या मडगार्डची खुळखुळ. तो कुठून येतो हे कळेपर्यंत यांना अन्न गोड लागत नाही. आणि एकदा कळलं की दुसरा ऐकू येईपर्यंत करमत नाही. परतूर तालुक्यातल्या आमच्या आष्टीत या पंथाचे जे एक निष्ठावंत आहेत, ते पेशाने शिक्षक, हौसेने सायकलस्वार आणि कानाने फौजदार. गाव त्यांना नुसतं 'सर' म्हणतं.

सरांना सायकलचं वेड तसं उशिरा लागलं. शुगर काठावर आली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि सरांनी चालण्याऐवजी थेट गिअरची सायकल घेतली. मग कुणीतरी कानात बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचं वारं भरलं. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर, वीस तासांत ३००, सत्तावीस तासांत ४००, चाळीस तासांत ६००. बक्षीस कुणालाच नाही, पहिला-दुसरा नंबरही नाही, वेळेत पोचणं एवढंच. नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी २०१५ साली सायकलवरून अख्खी अमेरिका आडवी ओलांडली, हे सरांनी नववी 'ब'ला इतक्यांदा सांगितलंय की पोरं भूगोलाच्या पेपरातही तेच लिहितात.

एवढ्या अंतराला साधी चप्पल चालत नाही, म्हणून सरांनी सायकलिंगचे बूट मागवले. ते आधी बीड जिल्ह्यातली आष्टी बघून आले. यात नवल नाही. एक आष्टी बीडात, एक वर्ध्यात, आणि १८१८ साली बापू गोखले जिथे धारातीर्थी पडले ती सोलापूरकडची वेगळीच. पार्सलवाल्यानं तरी किती लक्षात ठेवायचं?

या बुटाच्या तळव्याला खाली धातूची एक पट्टी असते, तिला क्लीट म्हणतात. पायडलवर पाय दाबला की ती 'खट्' करून अडकते. टाच बाहेर वळवली की सुटते. बर्फावरच्या स्कीला बूट जसा अडकवतात, त्याच युक्तीवरून लूक नावाच्या फ्रेंच कंपनीनं असं पायडल काढलं आणि १९८५ साली बर्नार्ड इनॉनं ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली. पुढे शिमानोनं छोटी क्लीट काढली, तळव्याच्या खाचेत दडणारी, म्हणजे माणसाला उतरून चालताही यावं. सरांनी हीच घेतली, कारण आष्टीत सायकलवरून उतरून चहाच्या टपरीपर्यंत चालावंच लागतं. फरशीवर 'टक् टक्' वाजलं की टपरीवाला बघायच्या आधीच म्हणतो, "आली सरांची घोडी, नाल ठोकलेली."

ही टकटक सरांना चालते. ती कुठून येते हे माहीत आहे ना! प्रश्न उभा राहिला तो पावसाळा संपता संपता. परतूर रस्त्याला सर जोरात निघाले आणि प्रत्येक फेऱ्याला खालून बारीक आवाज यायला लागला. 'कुईं-टक्. कुईं-टक्.' त्या दिवसापासून सर भेटले की नमस्काराऐवजी विचारायचे, "ऐकलंत?" आपण "नाही बुवा" म्हटलं की ते आपल्याकडे अशा करुणेनं बघत, की आपणच उद्या कान तपासून यावं.

सर सायकल घेऊन मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींची सगळी हयात काळ्या सायकलींचे छर्रे बदलण्यात गेलेली. त्यांनी सायकल उलटी केली, हातानं पायडल फिरवलं. आवाज नाही.

"सर, कुठं वाजतंय?"

"बसल्यावर वाजतं."

"मग तुम्ही वाजता. सायकल काहून खोलता?"

सर हटले नाहीत. बीबी, म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधला आस जिथे फिरतो तो भाग, खोलली, ग्रीस भरलं, चेन धुतली, सीटचा दांडा काढून पुसून परत बसवला. हे सगळं एकाच बैठकीत केलं. आवाज चार दिवस गेला आणि पाचव्या दिवशी जास्त खुशीत परत आला. तो कशानं गेला होता हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तिथून सरांनी पद्धत बदलली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग फेरी मारायची, मग वहीत लिहायचं. विज्ञानाचे शिक्षक असल्याचा गावाला झालेला हा पहिला प्रत्यक्ष फायदा.

त्या वहीतलं तर्कशास्त्र मात्र वाखाणण्याजोगं आहे. पायडल मारायचं थांबवून नुसती सायकल सोडली आणि आवाज थांबला, तर चाक निर्दोष. उभं राहून चालवलं तरी वाजतं, तर सीट निर्दोष. पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोन-तीनदा फिरतं. आवाज मात्र एका फेऱ्याला एकदाच येतो, म्हणजे चोर पायडलच्या आसपास आहे. डावा पाय मोकळा सोडून एकट्या उजव्यानं चालवलं तर वाजतं, एकट्या डाव्यानं नाही. राहिलं काय? उजवं पायडल आणि उजवा बूट.

आता या दोघांतला गुन्हेगार कोण? त्यासाठी सरांनी जो प्रयोग केला तो गावानं डोळे भरून पाहिला. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर पिवळा चष्मा, अंगात घट्ट जर्सी आणि पायात मोरीतली निळी स्लीपर. परतूर रस्त्यावर कापसाचा टेम्पो थांबवून ड्रायव्हरनं विचारलं, "सर, बूट चोरीला गेला का?" सर आनंदानं ओरडले, "नाही! सापडला!" स्लीपर घातल्यावर आवाज बंद होता. बूटच तो.

कोरडे दोन पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांना धरतात, सुटतात, परत धरतात. त्या धरसोडीतून कंप होतो आणि कंपातून आवाज. सारंगीवर गज वाजतो तो याच नियमानं. त्यात सायकलचा सांगाडा पोकळ नळ्यांचा. आवाज निघतो पायाशी आणि ऐकू येतो सीटखाली, म्हणून माणूस भलतीकडेच ग्रीस ओततो. हे सर घरात समजावून सांगत होते, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, मोरीतला नळ दिवाळीपासून टपटपतोय, तो नाही का ऐकू येत?"

"अगं, तो कुठून येतो ते माहितीय ना!"

या उत्तरात सरांचा अख्खा स्वभाव आहे. त्यांचं भांडण आवाजाशी नाहीच, अज्ञाताशी आहे. नळाला वायसर लागतो, बुटाला तपास लागतो.

तपासात पहिली सापडली ती आपली काळी माती. शेताकडं उतरताना ती क्लीटच्या खाचेत घुसते आणि वाळली की विटेला हार जात नाही. सरांनी ती जुन्या टूथब्रशनं कोरून काढली. मग क्लीटचे दोन बोल्ट सोडले, आट्यांना ग्रीसचं बोट लावलं आणि पाच-सहा न्यूटन-मीटरनं आवळले. 'न्यूटन-मीटर' ऐकून मिस्त्री म्हणाले, "आमच्यात त्याला 'जीव न काढता गच्च' म्हणतात." 'टक्' गेला. मग क्लीट पायडलला घासते तिथे मेणबत्ती चोळली. 'कुईं' अर्धी झाली. उरलेली अर्धी निघाली बुटाच्या आत, सुकतळ्याखाली. घामानं ओला होऊन वाळलेला सुकतळा टाच उचलली की खालच्या तळव्याला घासत होता. त्याखाली चिमूटभर टाल्कम पावडर गेली आणि आवाज संपला.

पारावरच्या अण्णांना या सगळ्याची गंमत वाटते. "आमच्या टायमाला वहाण करकर वाजावी म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे. माणूस कोपऱ्यावर असला की घरच्यांना कळायचं, आलं खटलं." खरंच आहे ते. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्या वहाणेच्या दिमाखात करकरीचा वाटा मोठाच आहे. तीच करकर सायकलवर ऐकली की माणूस वही उघडतो.

बूट गप्प झाल्यावर सर परतूरपर्यंत जाऊन आले. सायकल लोण्यातून चालल्यासारखी निमूट. आम्ही अभिनंदन केलं, तर सरांचा चेहरा निकाल लागलेल्या शाळेसारखा रिकामा. दोन दिवस गेले आणि भजनी मंडळाच्या पेटीच्या भात्यात त्यांना काहीतरी ऐकू आलं. मग ग्रंथालयाचा पंखा, मग पिठाच्या गिरणीचा पट्टा. आज आष्टीत कुरकुरणारं दार शोधूनही मिळत नाही. अशा माणसांचा घरच्यांना जाच होतो, शेजाऱ्यांना त्यांचं हसू येतं आणि गावाचं भलं होतं.

तेव्हा तुमचाही बूट वाजत असेल तर बीबी खोलायच्या आधी माती काढा, दोन बोल्ट आवळा, क्लीटला मेण लावा, सुकतळ्याखाली पावडर टाका. आणि हे एकदम नको, एकेक करून. तेल मात्र ब्रेकच्या आसपास फिरकू देऊ नका. एवढ्यानंही गेला नाही, तर बूट घेऊन सरळ आष्टीला या. शाळा सुटल्यावर सर मोकळे असतात, आणि सध्या त्यांच्याकडे एकही आवाज शिल्लक नाही.