स्वभावाला औषध नसेल, आजाराला आहे

किनवट तालुक्यातल्या कुठल्याही घरी बाळंतिणीला भेटायला जा. बाजेखाली शेगडी, कानाला घट्ट फडकं, डब्यात डिंकाचे लाडू. येणाऱ्या बाया विचारतात, दूध येतंय का? लेकरू रात्री झोपतं का? कोणावर गेलंय?

तुला झोप लागती का, हे किती जणी विचारतात?

आणि बाळंतीण कोपऱ्यात तोंड करून रडताना दिसली, तर निकाल तयारच असतो. ‘तिचा सोभावच हळवा हाय. लई मनाला लावून घेती.’ सासू म्हणते, आई म्हणते, नवराही म्हणतो. एकदा स्वभावावर ढकललं की कोणालाच काही करावं लागत नाही.

स्वभावाचा संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. आहे. सतत काळजी करणाऱ्या, छोट्या गोष्टीने खचणाऱ्या स्वभावाच्या बायकांना बाळंतपणानंतर नैराश्य येण्याचा धोका जास्त असतो, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सगळं नीटच झालं पाहिजे, असा ध्यास असणाऱ्यांनाही. पण कच्च्या भिंतीच्या घरात पाणी आधी शिरतं, म्हणून पाऊस पडलाच नाही असं कोणी म्हणतं का? ज्या घराला धोका जास्त, तिकडे आधी धावायचं असतं. आपण नेमक्या त्याच बाईला सोडून देतो.

बाळंत झाल्यावर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं सर्रास घडतं. वार पडली की शरीरातली संप्रेरकं एकदम उतरतात, झोप तुटलेली असते. हे सहसा दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवडे उलटले तरी करमत नाही, जेवण जात नाही, लेकराला घ्यावंसं वाटत नाही, जगून काय करायचं असं मनात येतं; मग तो स्वभाव उरला नाही. तो आजार आहे.

किती जणींना होतो? भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. अंदाज निघाला २२ टक्के. पाचातली एक. तुमच्या गल्लीतली पाच बाळंतपणं आठवा.

गोव्यात तर हे २००२ सालीच सांगून झालं होतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मातांचा अभ्यास केला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य. त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारीच. आणि नैराश्य आलेल्या या सगळ्यांपैकी ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. म्हणजे पोटात लेकरू असतानाच विचारलं असतं, तर कळलं असतं. आणि धोका कशाने वाढला? पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं. मुलगा झाला की मुलगी, यावरही बरंच अवलंबून होतं.

मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्या घराचा स्वभाव कोणी तपासायचा?

आता आशाताईंच्या पिशवीकडे वळू. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, अभय आणि राणी बंग यांनी घडवली. २०११ पासून ती देशभर लागू झाली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशा सहा वेळा घरी येते. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. झोळीत घालून बाळाचं वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, श्वास मोजते. बेचाळीस दिवसांत सहा वेळा त्या बाजेपाशी बसणारं, घरातलं नसलेलं माणूस दुसरं कोण असतं?

या भेटींत ती भरते तो तक्ता वाचा. आईला ताप आहे का, अंगावरून जाणाऱ्याला वास येतो का, दूध येतं का, ती असंबद्ध बोलते का, झटके येतात का. सगळे जिवाचे प्रश्न, एकही काढू नये असे. पुढे बाळ सतत रडतं का, हेही आहे.

आई सतत रडते का, हे नाही.

किनवट ज्या नांदेड जिल्ह्यात येतं, त्याच्या बाबतीत हे जास्तच खटकतं. शेतकरी आत्महत्यांमुळे सरकारने २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशांनी शेतकरी कुटुंबात जाऊन मनाची विचारपूस करायची आणि नैराश्य दिसलं तर पुढे पाठवायचं. म्हणजे गावातली आशा हे काम करू शकते, हे सरकारने स्वतःच मान्य केलं. मग त्याच घरातल्या बाळंतिणीसाठी वेगळी परवानगी लागते?

प्रश्नही नव्याने शोधायला नकोत. एडिनबरोच्या संशोधकांनी १९८७ मध्ये केलेली दहा प्रश्नांची यादी जगभर वापरतात. हसू येतं का, विनाकारण भीती वाटते का, झोप उडाली आहे का, असे साधे प्रश्न. दहावा सर्वांत महत्त्वाचा: स्वतःला इजा करावी असं मनात येतं का? मात्र किनवटमध्ये ते नुसत्या छापील मराठीत विचारून भागणार नाही. तांड्यावर गोरमाटीत, पोडावर कोलामीत, गुड्यावर गोंडीत विचारावे लागतील. ‘उदास वाटतं का’ म्हटलं तर बाई नाही म्हणेल. ‘जीव घाबरल्यावानी होतो का, करमत नाही का’ म्हटलं की बोलती होईल. ही बोली त्या गावच्या आशेलाच येते.

विचारून करणार काय, हा प्रश्न रास्त आहे. गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, पण नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं वैद्यकीय महाविद्यालय गाठायचं तर ओली बाळंतीण आणि लेकरू घेऊन अख्खा दिवस मोडतो. पण प्रत्येकीला नांदेड गाठावंच लागत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावच्याच आरोग्य सेविकांना नैराश्य आलेल्या मातांशी बोलायला शिकवलं गेलं. अशा भेटी मिळालेल्या मातांपैकी सहा महिन्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य उरलं. साध्या भेटी झालेल्यांत ते ५३ टक्के होतं. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. त्या सेविका काही मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या.

जिला औषध लागतं, तिला बाळ अंगावर पीत असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येतील अशी औषधं आहेत. आणि ‘वेडी ठरवतील, लेकरू काढून घेतील’ या भीतीला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच उत्तर आहे. आईवर उपचार चालू असताना तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. हे गावात कोणी सांगितलं?

विचारपूस करण्याचं हे काम आशांवर फुकट लादू नका, एवढं मात्र बजावून सांगायला हवं. केंद्राच्या नियमानुसार नवजात बाळासाठीच्या सगळ्या भेटींचे मिळून त्यांना अडीचशे रुपये ठरले. आईच्या मनाची चौकशी वाढवायची तर प्रशिक्षण द्या आणि मोबदलाही वाढवा.

जिल्हा आरोग्य विभागाने तक्त्यात आईसाठी दोन ओळी वाढवाव्यात. गरोदरपणाच्या तपासणीतही वाढवाव्यात. तोवर घरच्यांनी एवढं करावं: दोन आठवड्यांनंतरही बाळंतीण रडत असेल तर स्वभावाची चर्चा थांबवा आणि तिला गोकुंद्याला न्या. ती मरणाचं बोलली तर दोन आठवडेही थांबू नका. तिला एकटीला सोडू नका, त्याच दिवशी न्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये तो आजच टाकून द्या.