मालक घरात राहतो काय?

पुणे महापालिकेच्या हद्दीत निवासी मिळकती दोन प्रकारच्या असतात: मालक राहत असलेल्या आणि मालक राहतो असे सिद्ध न झालेल्या. पहिल्या प्रकाराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. दुसरा प्रकार संख्येने कमी असावा, असा नागरिकांचा समज आहे. करआकारणी व करसंकलन विभागाचा समज उलट आहे, आणि देयक त्या विभागाकडून येते.

सवलतीचा उगम १९७० सालच्या महापालिकेच्या ठरावात आहे. घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल, या अंदाजावर कर ठरतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला भाडे येत नाही. तेव्हा अंदाजी भाड्याचे ४० टक्के सोडून उरलेल्या ६० टक्क्यांवर कर लावावा, असा सरळ व्यवहार ठरला. शिवाय देखभाल-दुरुस्तीपोटी १५ टक्के वजावट मिळे. पुढे लेखापरीक्षकांनी कायदा उघडला. दुरुस्तीची वजावट कायद्यात १० टक्केच आहे आणि ४० टक्क्यांचा तर उल्लेखच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. कित्येक वर्षे राजरोस चाललेली गोष्ट अशी बेकायदा निघाली. वाढीव मजला बेकायदा निघाला तर त्याला नियमित होण्याची आशा असते. सवलतीच्या नशिबी तेही नव्हते. १ एप्रिल २०१९ पासून नोंद झालेल्या नव्या घरांना ती मिळेनाशी झाली.

जुन्या घरांचा निकाल मिळकतींच्या जीआयएस (नकाशाआधारित) सर्वेक्षणाने लावला होता. खासगी कंपन्यांची माणसे दारोदार फिरली. त्यांच्या नोंदीत जिथे भाडेकरू आला, तिथली सवलत गेली आणि मागील फरक देयकात चढला. आपण आपल्या घरात राहत नाही, हे कित्येक मालकांना देयक वाचूनच कळले. तक्रार करावी तर तोवर थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती वाढत जाते. बड्या थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवण्याची प्रथाही महापालिकेने पाडली आहे. वऱ्हाड नसलेली ही वरात बहुधा व्यावसायिक मिळकतींपुढे जाते. घरगुती थकबाकीदाराला नोटिशीवर समाधान मानावे लागते.

मार्च २०२३ मध्ये पुण्यातल्या कसबा पेठेच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि सत्ताधाऱ्यांचा बालेकिल्ला पडला. एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. या दोन घटनांचा परस्परसंबंध असल्याचा पुरावा उपलब्ध नाही. तो सादर करण्याची अटही कोणाला घातलेली नाही.

पुराव्याची अट घरमालकांना आहे. तिचे नाव पीटी-३. सवलत गेलेल्या किंवा कधीच न मिळालेल्या मालकाने हा अर्ज भरायचा, पंचवीस रुपये शुल्क भरायचे आणि सोबत सोसायटीचे पत्र जोडायचे. मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅसचे कार्ड, शिधापत्रिका यांपैकी काही लावायचे. शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या देयकाची प्रत द्यायची. यातली शेवटची माहिती महापालिकेच्याच संगणकात असते, परंतु ती तिथून काढण्यापेक्षा नागरिकाकडून मागवणे सोपे पडते. अर्ज पेठ निरीक्षकाकडे किंवा क्षेत्रीय कार्यालयात जातो. मुदत १५ नोव्हेंबर २०२३ होती, ती ३० नोव्हेंबरपर्यंत वाढली. मुदतवाढ जाहीर झाल्याशिवाय पुण्यात कोणतीही मुदत खरी मानली जात नाही, त्यामुळे त्यात नवल नव्हते.

अर्जाच्या रचनेत एक गोम आहे. घर भाड्याने देऊन दरमहा भाडे घेणाऱ्या मालकाला काहीच करावे लागत नाही. तो अर्ज भरत नाही, रांगेत उभा राहत नाही, सोसायटीच्या सचिवाची मनधरणी करत नाही. ती सगळी धावपळ वाट्याला येते ती ज्याच्या घराला भाडे येत नाही त्याच्या. सवलत प्रामाणिक माणसासाठी आहे आणि संशयही त्याच्यावरच आहे. भाडेकरू शोधून काढणे हे विभागाचे काम होते. ते उलटे करून मालकाने भाडेकरू नसल्याचे दाखवायचे, असे ठरले. नसलेल्या माणसाचा पुरावा कोणत्या कागदावर मिळतो, याचे उत्तर गॅसचे कार्ड असे निघाले.

अर्ज मंजूर झाल्यावर जादा भरलेली रक्कम रोख मिळत नाही. ती पुढील चार वर्षांच्या देयकांतून वळती होते. नागरिकाकडे राहिलेल्या पैशावर दरमहा २ टक्के, महापालिकेकडे राहिलेल्यावर शून्य, असा हा दर आहे.

सवलत हवी असलेल्यांनी दर वर्षी देयक हाती येताच ४० टक्क्यांची वजावट दिसते का, ते आधी पाहावे. दिसत नसेल तर पीटी-३ भरावा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.